आपल्याच सैनिकांसमोर मशीनगन घेऊन उभा राहिलेला डोअर गनर, आणि पायलटला शेवटपर्यंत दिलेली साथ

'फुल मेटल जॅकेट' हा १९८७ चा सिनेमा तुम्ही पाहिला नसेल, तरी त्यातला एक तुकडा बहुधा रील्समध्ये पाहिला असेल. उडत्या हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात एक अमेरिकन सैनिक मशीनगन घेऊन बसलाय, खाली शेतात पळणाऱ्या माणसांवर गोळ्या झाडतोय आणि वर हसतोय. त्यावर म्युझिक टाकून कितीतरी मीम्स झालेत.

अशा दारात बसणाऱ्या सैनिकाला 'डोअर गनर' म्हणतात. व्हिएतनाम युद्धाचं चित्र आपल्या डोक्यात बसलंय ते बरंचसं त्याच्यामुळेच. पण त्या युद्धातल्या एका खऱ्या डोअर गनरची गोष्ट या रीलच्या अगदी उलटी आहे. त्याचं नाव लॅरी कोलबर्न. वय १८. १६ मार्च १९६८ च्या सकाळी त्याच्या पायलटने त्याला सांगितलं की समोरच्या अमेरिकन सैनिकांनी या गावकऱ्यांवर गोळी चालवली, तर तू त्या सैनिकांवर चालव.

ही वेळ का आली ते कळायला आधी डोअर गनर नक्की करायचा काय, ते बघू.

दारात बसून काम काय असायचं?

व्हिएतनाममध्ये ठरलेली आघाडी अशी नव्हतीच. जंगल, डोंगर, गुडघाभर पाण्यातली भातखाचरं. रस्त्याने जावं तर सुरुंग. म्हणून अमेरिकेने सैनिक हेलिकॉप्टरने न्यायला आणि आणायला सुरुवात केली. यासाठी सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते यूएच-१, म्हणजे सैनिकांच्या भाषेत 'ह्यूई'.

ह्यूईत चार जण असायचे. पुढे दोन पायलट. मागे एका दारात क्रू चीफ, दुसऱ्या दारात गनर. क्रू चीफकडे त्या यंत्राची देखभाल असायची. रात्री तोच नट-बोल्ट आवळणार आणि सकाळी त्याच हेलिकॉप्टरमधून उडणार. म्हणजे काम नीट केलं नाही तर पहिला जीव त्याचाच. दोघांच्याही हातात एम-६० मशीनगन असायची, मिनिटाला साधारण साडेपाचशे गोळ्या झाडणारी. गोळ्यांचा पट्टा अडकू नये म्हणून गनर लोक बंदुकीच्या बाजूला खाण्याचा रिकामा डबा बसवायचे, हा त्यातला टिपिकल जुगाड.

पण गोळ्या झाडणं हे अर्धंच काम. हेलिकॉप्टर उतरवताना पायलटचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात असतात आणि मागचं त्याला दिसत नाही. शेपटीचा पंखा झाडाला लागेल का, डावीकडून कोणी येतंय का, हे हेडफोनवरून सांगायचं ते दारातल्या दोघांनी. थोडक्यात, गनर म्हणजे पायलटचे मागचे डोळे. चौघांपैकी एकाचं लक्ष उडालं तर चौघंही जाणार. या युनिटमधल्या दोस्तीबद्दल पुढे जे येणार आहे, त्याचं मूळ इथे आहे.

एक गोष्ट जाता जाता. 'व्हिएतनाममध्ये डोअर गनर सरासरी पाच मिनिटं जगायचा' असा दावा फिरत असतो. तो तुम्हीही फॉरवर्ड केला असेल, तर सोडून द्या. एका सैनिकाची ड्युटी साधारण वर्षभराची असायची आणि अनेक गनर ती पूर्ण करून घरी गेले. पण काम जीवघेणं होतं, यात वाद नाही. त्या युद्धात अमेरिकेची सुमारे १२ हजार हेलिकॉप्टर उडाली आणि त्यातली ५ हजारांहून जास्त परत आली नाहीत. पायलट आणि क्रू मिळून जवळपास ५ हजार माणसं गेली.

१६ मार्च १९६८

कोलबर्न ह्यूईवर नव्हता. त्याचं हेलिकॉप्टर ओएच-२३, काचेच्या बुडबुड्यासारखं तोंड असलेलं छोटं टेहळणीचं यंत्र. त्यात तिघं. पायलट ह्यू थॉम्प्सन, वय २४. क्रू चीफ ग्लेन अँड्रिओटा, वय २०. आणि गनर कोलबर्न. यांचं काम झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवरून उडायचं आणि शत्रू कुठे लपलाय ते शोधायचं. शत्रूने गोळी झाडली की जागा कळते. म्हणजे एक प्रकारे गळाला लावलेलं आमिषच.

त्या सकाळी क्वांग न्गाई प्रांतातल्या माय लाई गावात अमेरिकेची 'चार्ली कंपनी' घुसली होती. तिथे शत्रूची मोठी तुकडी आहे आणि साधे गावकरी सकाळी बाजाराला गेलेले असतील, असं तिला सांगितलं होतं. प्रत्यक्षात तुकडी नव्हती आणि गावकरी घरीच होते. बायका, म्हातारी माणसं, पोरं.

वरून थॉम्प्सनच्या टीमला आधी काही जखमी गावकरी दिसले. मदत यावी म्हणून त्यांनी त्या जागांवर हिरव्या धुराचे गोळे टाकले. थोड्या वेळाने परत येऊन पाहिलं, तर तीच माणसं मेलेली. मग गावाबाहेरचा पाण्याचा पाट दिसला, माणसांनी भरलेला. काही अजून हलत होती. थॉम्प्सनने उतरून तिथल्या सैनिकांना मदत करायला सांगितलं. हेलिकॉप्टर परत वर उचललं, तोच खाली पाटात पुन्हा गोळ्या सुरू झाल्या.

आता शंकेला जागाच उरली नव्हती. मारणारे आपलेच होते.

पुढे त्यांना एका खंदकात लपलेली दहाएक माणसं दिसली आणि त्यांच्या दिशेने चालत येणारे अमेरिकन सैनिक. थॉम्प्सनने हेलिकॉप्टर दोघांच्या मधोमध उतरवलं. कोलबर्न आणि अँड्रिओटाला तो आदेश दिला आणि स्वतः खंदकाकडे चालत गेला. त्याच्या हातात बंदूक नव्हती.

हा प्रसंग पोस्टरवर चढवायला सोपा आहे, पण कोलबर्नने स्वतः तो तसा कधी सांगितला नाही. समोरच्या सैनिकांवर आपण बंदूक थेट रोखली नव्हती, नळी जमिनीकडे होती, असं तो सांगायचा. समोर उभे होते ते त्याच्याच वयाचे, त्याच्याच देशाचे. चुकून एकाचं बोट दाबलं गेलं असतं तर काय झालं असतं, हे त्याला कळत होतं. मला वाटतं, या गोष्टीतलं सगळ्यात अवघड काम हेच होतं: बंदूक हातात ठेवून ती न चालवता उभं राहणं. रीलमध्ये ते दिसणार नाही, कारण दिसण्यासारखं त्यात काही घडतच नाही.

समोरून कोणी गोळी झाडली नाही. थॉम्प्सनने खंदकातल्या लोकांना हाताने खुणा करून बाहेर काढलं आणि वर उडणाऱ्या मोठ्या हेलिकॉप्टरच्या पायलटला रेडिओवरून खाली बोलावलं. त्याने दोन फेऱ्यांत सगळ्यांना हलवलं. परतताना अँड्रिओटाला पाटात काहीतरी हललेलं दिसलं. तो प्रेतांमधून चालत आत गेला आणि एका लहान मुलाला घेऊन आला. कोलबर्नने त्या पोराला वर ओढून घेतलं. पोर रक्ताने माखलेलं होतं, पण त्याला स्वतःला मोठी जखम नव्हती. त्याला क्वांग न्गाईच्या हॉस्पिटलमध्ये पोचवलं गेलं.

तळावर परतल्यावर थॉम्प्सनने आरडाओरडा करून वरिष्ठांना सगळं सांगितलं आणि गोळीबार थांबवायचा आदेश निघाला. तोवर गाव संपलं होतं. अमेरिकन लष्कराच्या हिशेबाने ३४७ जण मारले गेले. गावातल्या स्मारकावर ५०४ नावं आहेत.

मग बक्षीस मिळालं का?

मिळालं, पण खोटं. थॉम्प्सनला पदक दिलं गेलं, त्याच्या मानपत्रात लिहिलं होतं की त्याने भयंकर चकमकीत सापडलेल्या मुलाला वाचवलं. चकमक झालीच नव्हती. थॉम्प्सनने ते पदक फेकून दिलं. अँड्रिओटाला तर काहीच बघायला मिळालं नाही. माय लाईनंतर साधारण तीन आठवड्यांनी, ८ एप्रिलला, तो मारला गेला.

प्रकरण दाबलं गेलं आणि गंमत म्हणजे ते बाहेर काढणाराही एक हेलिकॉप्टर गनरच होता. रॉन रायडनआवर त्याचं नाव. तो त्या दिवशी माय लाईत नव्हता. पण चार्ली कंपनीत त्याचे ओळखीचे मित्र होते. गप्पा मारताना एकाने सांगितलं. त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने दुसऱ्याला विचारलं, मग तिसऱ्याला. मार्च १९६९ मध्ये त्याने सगळं लिहून काढलं आणि खासदार, अधिकारी अशा तीसेक जणांना पत्रं पाठवली. चौकशी तिथून सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये पत्रकार सेमोर हर्श यांनी बातमी फोडली.

शिक्षा झाली फक्त एकाला, लेफ्टनंट विल्यम कॅली. जन्मठेप सुनावली गेली, पण प्रत्यक्षात तो काही वर्षं नजरकैदेत राहिला. उलट थॉम्प्सनवर चिखलफेक झाली. संसदेच्या लष्करविषयक समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स यांच्या मते या प्रकरणात शिक्षा व्हायला हवी होती ती थॉम्प्सनला. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या यायच्या, दारात मेलेली जनावरं टाकली जायची.

युद्धानंतरची दोस्ती वेगळी का असते?

व्हिएतनामला सैनिक एकेकटा जायचा आणि वर्ष भरलं की एकेकटाच परत यायचा. आख्खी तुकडी सोबत घरी आली, असं नाही. काल ज्याच्या डोळ्यांवर तुमचा जीव होता, तो आज कुठल्या राज्यात आहे याचाही पत्ता नसायचा. घरच्यांना सांगून कळणार नाही आणि ज्याला कळेल तो जवळ नाही, अशी अडचण.

म्हणून १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये माजी सैनिकांनी नुसतं बसून एकमेकांशी बोलायचे गट सुरू केले. रॉबर्ट लिफ्टन आणि काइम शाटान हे मानसोपचारतज्ज्ञ त्यात बसायचे, पण डॉक्टर म्हणून वरून उपदेश करायला नाही. आज आपण 'पीटीएसडी' म्हणतो, त्या आजाराचं नाव १९८० मध्ये अमेरिकेच्या अधिकृत यादीत आलं, त्यामागे या गटांचा मोठा हात होता. मित्रांनी मित्रांचं ऐकून घेतलं, आणि मग वैद्यकशास्त्राने ऐकलं.

थॉम्प्सन आणि कोलबर्नच्या बाबतीत तर ज्याला सगळं माहीत होतं असा माणूस जगात एकच उरला होता: दुसरा. तिसरा गेला होता.

पुढे एका डॉक्युमेंटरीमुळे हे प्रकरण एका प्राध्यापकाच्या डोक्यात बसलं आणि त्याने वर्षानुवर्षं पत्रं लिहून लष्कराला पदक द्यायला भाग पाडलं. लष्कर थॉम्प्सनला ते गुपचूप द्यायला निघालं होतं. त्याने नकार दिला. त्याच्या अटी अशा: समारंभ जाहीर व्हायला हवा, आणि हाच मान माझ्या क्रूलाही मिळायला हवा. अखेर ६ मार्च १९९८ रोजी वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकासमोर तिघांना 'सोल्जर्स मेडल' दिलं गेलं. दोघं हजर होते. तिसऱ्याचं नाव मागच्या काळ्या दगडावर कोरलेलं होतं.

त्याच महिन्यात दोघं तीस वर्षांनी माय लाईला परत गेले. त्यांनी वाचवलेल्या बायका भेटल्या. त्यातल्या एकीने विचारलं की ज्यांनी मारलं ते तुमच्यासोबत का नाही आले? थॉम्प्सनला वाटलं, आता राग निघणार. पण ती पुढे म्हणाली की ते आले असते तर आम्हाला त्यांना माफ करता आलं असतं. आपल्याला इतकं मोठं मन नाही, असं थॉम्प्सन नंतर सांगायचा.

पुढची काही वर्षं हे दोघं लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांसमोर ही गोष्ट सांगत राहिले. मग थॉम्प्सनला कॅन्सर झाला. जानेवारी २००६ मध्ये लुइझियानातल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये तो शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा कोलबर्न अटलांटाहून येऊन त्याच्या उशाशी बसला होता.

दोन वर्षांनी, हत्याकांडाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, कोलबर्न पुन्हा माय लाईला गेला. या वेळी पायलट सोबत नव्हता. सोबत होता तो पाटातून काढलेला मुलगा, आता चाळिशी ओलांडलेला माणूस.

कोलबर्नही १३ डिसेंबर २०१६ रोजी कॅन्सरनेच गेला. तेव्हा तो ६७ वर्षांचा होता.