हँडल बदलताय? मग हे वाचा

नांगराचे रुमणे ढिले झाले, तर शेतकरी काय करतो? तो औत थांबवतो, पाचर ठोकतो आणि मगच पुढचे तास धरतो. कारण रुमणे हातात ठाम नसेल, तर नांगर कुठे जाईल याचा भरवसा नाही.

मोटारसायकलचे हँडल म्हणजे गाडीचे रुमणेच. फरक इतकाच की नांगर बैलाच्या पायाने चालतो आणि मोटारसायकल तासाला साठ किलोमीटर पळते. पाचर ठोकायला मध्ये वेळ मिळत नाही.

आपल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आता घरोघर मोटारसायकल आहे. कुणी दुधाचे कॅन घेऊन डेअरीला जातो, कुणी बाजाराला. तरुण पोरं तिच्यावरून लांबच्या प्रवासाला निघतात. कुणी तुळजापूर, कुणी कोकण, कुणी तर थेट लडाख. लांब बसून पाठ दुखते, मनगटं भरून येतात. मग कुणी सांगतं, "उंच हँडल टाक, आराम पडेल." ही गोष्ट खरी आहे. पण हँडल नीट बसवले तरच खरी आहे.

आमच्यावर बेतलेला प्रसंग

आम्ही तिघे जण दोन गाड्यांवर बारामतीहून तुळजापूरला निघालो होतो. एका गाडीला आठ दिवसांपूर्वीच नवे, उंच हँडल टाकले होते. भवानीनगर मागे पडले. निमगाव केतकीच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडव्या रस्त्यावरून अचानक वर आली. पुढच्या गाडीने जोरात ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण हँडलच पुढे फिरले! दोन्ही मुठी खाली गेल्या आणि चालवणारा टाकीवर आदळला. गाडी साइडपट्टीच्या मातीत जाऊन कशीबशी थांबली. जीव वाचला तो केवळ रस्त्याकडेला खड्डा नव्हता म्हणून.

हँडल उतरवून पाहिले. जुना क्लॅम्प जाड हँडलसाठी होता, नवे हँडल बारीक होते. मधल्या फटीत पत्र्याची पट्टी गुंडाळून भरली होती. वरून बोल्ट घट्ट लागत होते, पण आत हँडलला पकड नव्हती. चूक आमचीही होती. आम्ही रंग पाहिला, चमक पाहिली, माप पाहिलेच नाही.

हँडल का फिरते?

पहारीने दगड कसा उचलतो ते आठवा. पहार जितकी लांब, तितका दगड सहज हलतो. उंच हँडलचेही तसेच. ब्रेक दाबला की आपल्या अंगाचा भार हातांवर येतो. हँडल उंच असले की तो भार लांब पहारीसारखा क्लॅम्पवर पडतो आणि हँडल फिरवू पाहतो. म्हणून जुन्या, ठेंगण्या हँडलला जेवढी पकड पुरत होती, तेवढी उंच हँडलला पुरेलच असे नाही.

विकत घेण्याआधी

पहिली गोष्ट माप. बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलची जाडी मुठीच्या जागी २२ मिलिमीटर असते. पण मधे, जिथे क्लॅम्प धरतो तिथे, काही हँडले २२ मिलिमीटरची, तर काही २८ मिलिमीटरहून थोडी जाड असतात. जुने हँडल मधोमध मोजा आणि त्याच जाडीचे नवे घ्या. जाडी जुळत नसेल, तर त्या हँडलच्या मापाचा क्लॅम्पही घ्या. पत्रा, रबर, ट्यूबचा तुकडा असले काही आत भरू नका.

दुसरी गोष्ट, वाकलेले हँडल सरळ करून किंवा तुटलेले वेल्डिंग करून वापरू नका. एकदा वाकलेला धातू त्या जागी कमजोर होतो. तो पुढे कधी तुटेल, ते आधी सांगत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीने दिलेल्या तपशिलांहून वेगळे पडतील असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून आधी आरटीओ कार्यालयात विचारावे. आपल्याकडच्या एमएच ४२ नंबरच्या गाड्यांचे काम बारामतीच्या कार्यालयात होते.

बसवताना

१. टाकीवर जुनी गोधडी टाका. ब्रेक तेलाचा असेल, तर तेलाची डबी सरळ उभी ठेवा, नळीवर लोंबकळू देऊ नका. ब्रेकचे तेल रंगावर सांडले तर रंग जातो.

२. क्लॅम्प आणि हँडलचा मधला भाग कोरड्या फडक्याने पुसा. तिथे तेल किंवा ग्रीस राहता कामा नये. हँडलवर मधे खरखरीत पट्टा असेल, तर तो क्लॅम्पच्या आतच आला पाहिजे.

३. हँडल मधोमध ठेवा. बोल्ट हलकेच लावा. गाडीवर बसा, हात सहज पोचतात का पाहा, आणि मग तिरपेपणा ठरवा.

४. आता बोल्ट आवळा. एक बोल्ट एकदम घट्ट करू नका. थोडा हा, थोडा तो, असे फिरत आवळा. काही गाड्यांत क्लॅम्पच्या झाकणाची फट पुढे-मागे सारखी ठेवायची असते. काहींत पुढची बाजू आधी पूर्ण बसवायची असते. आपल्या गाडीचे काय, ते कंपनीच्या पुस्तकात असते.

५. किती आवळायचे, तेही पुस्तकात असते. आठ मिलिमीटरच्या बोल्टला पुष्कळ गाड्यांत २० ते २५ न्यूटन-मीटर सांगतात. हा आकडा ऐकून घाबरू नका. वीतभर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगले, तर साधारण तेवढा जोर होतो. मापाने आवळायचा पाना मिळतो, त्याला टॉर्क पाना म्हणतात. तो असलेल्या मेस्त्रीकडेच जा. ढिले राहिले तर हँडल फिरते. जादा आवळले तर आटे जातात, आणि तेही तितकेच वाईट.

इंदापूर तालुक्यातल्याच वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार झाले आहेत. असल्या कामात बोल्ट अंदाजाने आवळून चालत नाही. आपली गाडी रॉकेट नव्हे, पण तिच्यावर आपला जीव बसतो. मग अंदाज कशाला?

वायरी आणि नळी

हँडल उंच झाले की क्लच वायर, रेसची वायर आणि ब्रेकची नळी अपुरी पडू शकते. ओढून-ताणून बसवू नका. मापाची लांब वायर, लांब नळी घ्या. ब्रेकची नळी उघडली, तर आत हवा शिरते. ती हवा काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. हे काम जाणत्या मेस्त्रीचेच.

स्विचच्या डबीला आतून एक बारीक खुंटी असते. ती बसायला हँडलला नेमके भोक लागते. खुंटी कापून टाकू नका. कापली, तर ब्रेक दाबताना किंवा रेस देताना डबीच फिरेल.

निघण्याआधी चार परीक्षा

गाडी मधल्या स्टँडवर उभी करा. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवा. आवाज वाढला, म्हणजे रेसची वायर ताणली जाते आहे. तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका.

रेस पिळून सोडा. मूठ आपोआप जागेवर आली पाहिजे.

हँडल पूर्ण वळवल्यावर ते टाकीला किंवा हाताला अडू नये. वायर कुठे चिमटू नये.

इंजिन बंद करा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि दोन्ही मुठींवर अंगाचा भार टाका. हँडल तसूभरही हलता कामा नये.

मग बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. बोल्ट ढिला झाला की रेघ मोडते, आणि नुसत्या नजरेने कळते. पहिल्या दिवशी गावच्या रस्त्यावर हळू चालवा. शे-दीडशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. लांबच्या प्रवासात रोज सकाळी निघताना ती रेघ पाहा.

यात फार खर्च नाही आणि वेळही फार जात नाही. चहा उकळेपर्यंत चारही परीक्षा होतात. आम्ही त्या दिवशी तेवढा वेळ काढला नव्हता. तुम्ही काढा.

वाचा आणि सांगा

१. उंच हँडल ब्रेक दाबल्यावर का फिरू पाहते?
२. क्लॅम्पच्या फटीत पत्रा का भरू नये?
३. बोल्टवर रंगाची रेघ कशासाठी ओढायची?
४. आपल्या घरच्या गाडीचे हँडल आज तपासा. काय आढळले, ते वर्गात सांगा.