मुलांचा मुरगळलेला पाय

धान्याच्या पेठेत चाळीस वर्षे घालविलेल्या माणसाने मुलांच्या पायांविषयी लिहावे, हे वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु जे मी स्वतःच्या चुकीमुळे शिकलो, ते सभासद बंधूंच्या घरी आधीच ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने लेखणी हाती घेतली आहे.

गेल्या वर्षी माझा बारा वर्षांचा नातू खो-खोच्या सरावात खांबाला वळसा घालीत असता पाय वळून पडला. तासाभरात घोटा टम्म सुजला. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, एकदा फोटो काढून घेऊ या." मी म्हटले, "मुरगळला आहे, उगाच खर्च कशाला?" आणि ओळखीच्या एका मालीशवाल्यास बोलाविले. कोमट तेल, आंबेहळदीचा लेप, वर घट्ट चोळणे असा क्रम आठवडाभर चालला. मूल ओरडत होते आणि मी त्याला धीर धरावयास सांगत होतो. तीन आठवड्यांनीही लंगडणे थांबेना, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्टीला इजा होऊन हाड किंचित सरकले होते आणि तसेच जुळत आले होते. डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात आला असतात तर ते जागेवर बसविता आले असते. आता ओढाताण केली तर पट्टीचेच नुकसान व्हायचे.

ही वाढीची पट्टी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा मऊ थर असतो व तेथूनच हाड लांबीने वाढते. मोठ्या माणसाचा पाय मुरगळला की हाडे बांधून ठेवणारे बंध ताणले जातात. मुलांत मात्र हे बंध पुष्कळदा त्या कूर्चेहून बळकट ठरतात, आणि मग बंधाऐवजी पट्टी हार खाते. मुलींत साधारण पंधराव्या व मुलांत सतराव्या वर्षाच्या सुमारास घोट्याजवळील पट्ट्यांचे हाड होते. तोवर हा धोका असतो. बाहेरच्या घोट्याची इजा बहुधा त्रास न देता भरून येते. आतील बाजूची, नडगीच्या हाडाची, अधिक जपावी लागते. तेथील वाढ एका अंगाने थांबली तर पाय वाकडा वाढू शकतो. पट्टीची इजा पुष्कळदा फोटोतही दिसत नाही. म्हणून फोटो साफ आला तरी हाडावर बोट दाबताच मूल कळवळत असेल, तर डॉक्टर पाय बांधून ठेवतात व पुन्हा तपासतात.

मग दर वेळी फोटो काढावाच काय? नाही. कॅनडातील ओटावा येथे डॉ. इयन स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये याविषयी नियम प्रसिद्ध केले. पाच वर्षांवरील मुलांसही ते उपयोगी पडतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचा मागील व खालचा 6 सेंटिमीटरचा भाग दाबल्यास दुखत असेल, किंवा मूल चार पावलेही टाकू शकत नसेल, तर फोटो काढावा. तळपायाच्या बाहेरील कडेला, करंगळीमागच्या हाडाच्या उंचवट्यावर, अथवा आतील बाजूस कमानीच्या माथ्यावर दुखत असल्यासही काढावा. माझ्या नातवास त्या दिवशी दोन पावलेही टाकवत नव्हती!

पहिले दोन-तीन दिवस शेक नको, चोळणे नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, बेताची पट्टी, आणि पाय उंचावर. आपल्या गादीवरचा तक्क्या या कामी फार चांगला.

आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची टाच धावण्याने दुखू लागते, ती गोष्ट निराळी. अमेरिकेतील डॉ. सेव्हर यांनी 1912 मध्ये तिचे वर्णन केले. तेथील पट्टीवर पोटरीच्या स्नायूची ओढ पडून हे दुखणे होते. काही दिवस खेळ कमी करावा, बुटात मऊ गादी घालावी, पोटरी ताणण्याचा व्यायाम करावा. वाढ पूर्ण झाली की ते जाते.

बडोद्यात हाडवैद्याविषयी आदर आहे तो अकारण नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न प्रो. माणिकराव (1878–1954) अस्थिचिकित्सेसाठी दूरवर प्रसिद्ध होते. परंतु त्यांच्या नावाची पुण्याई तेलाची बाटली घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आहे असे समजणे, हा माझा दोष होता. हाताखालून जाणाऱ्या गव्हात खडा ओळखणारा मी, मुलाच्या पायातला फरक मात्र ओळखू शकलो नाही.

खेळ बंद करू नये, असे डॉक्टरांनी आम्हांस निक्षून सांगितले. दुखऱ्या पायावर न अडखळता लंगडी घालता येऊ लागली की हळूहळू मैदानावर पाठवावे, आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव ठेवावा, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक. नातू आता रोज सकाळी दात घासताना एका पायावर उभा राहतो. दर सहा महिन्यांनी दोन्ही पायांचा फोटो काढून वाढ सारखी आहे की नाही हे पाहतात. पुढचा दिवाळीनंतर आहे, आणि या खेपेस त्याला घेऊन मीच जाणार आहे.