गिरडास जावे, पण जेवावे कोठे?

गिरडच्या टेकडीवर पाऊल ठेवताच प्रवाशाच्या नजरेस जे खाद्यपदार्थ प्रथम पडतात, ते दाताखाली घेण्याजोगे नाहीत. वाटेच्या दोहो बाजूंस सुपारीएवढे, जायफळाएवढे, क्वचित लहानशा नारळाएवढे गोल दगड विखुरलेले असतात. एका फिरत्या व्यापाऱ्याने शेख फरीद बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या शापाने त्याच्या जवळच्या साऱ्या सुपाऱ्या व नारळ पाषाण होऊन पडले, ही कथा तेथे लहान मूलही सांगते. भूगर्भशास्त्राचे म्हणणे निराळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हारस पसरला, तो निवताना त्यात पोकळ्या राहिल्या. पाण्याने त्यांत क्षार आणून भरले. पुढे भोवतालचा खडक झिजला आणि झिओलाइट जातीच्या या गोळ्या मोकळ्या झाल्या. आमच्या बरोबरच्या मुलांनी दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या व एकमताने कथेला कौल दिला.

बाबांचा आणि अन्नाचा संबंध येथेच संपत नाही. बाबा फरीद तेराव्या शतकातील सूफी संत. त्यांची समाधी पंजाबात पाकपट्टण येथे आहे, आणि गिरडची टेकडी ही त्यांच्या तपश्चर्येची जागा, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्यांना ‘गंज-ए-शकर’, म्हणजे साखरेचे भांडार, असे म्हणतात. उलट, भूक अनावर झाली की चावावयास म्हणून ते लाकडाची भाकर पोटाशी बांधून हिंडत, अशीही आख्यायिका आहे. अशा संताच्या दारी जाऊन ‘येथे बरे उपाहारगृह कोणते’ असे विचारावयास थोडा संकोच वाटतो खरा. पण बरोबर चौदा माणसे, त्यांत एक अंगावर पिणारे मूल आणि एक ऐंशी उलटलेल्या काकू असल्या, म्हणजे तो संकोच फार वेळ टिकत नाही.

काकूंविषयी चार शब्द सांगणे भाग आहे, कारण हा प्रवास त्यांच्यासाठीच होता. बाहेरच्या अन्नास त्यांनी जन्मात कधी बोट लावलेले नाही. लग्नकार्यातही त्या फळे व दूध घेऊन परत येतात. पुण्यात १८९० साली मिशनऱ्यांच्या घरी चहा पुढे आला, तेवढ्यावरून टिळक व रानडे यांच्यासारख्यांनाही ग्रामण्य व प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले, ही गोष्ट आपण आता हसून सांगतो. आमच्या घरात मात्र तो काळ काकूंच्या पाटापाशी अजून बसलेला आहे. त्यांचा मुलगा लहानपणी विषमज्वराने अत्यवस्थ असता त्यांच्या सासूबाईंनी गिरडच्या बाबांस नवस बोलला होता: मूल वाचले तर टेकडीखाली चूल मांडून येईल त्यास जेवू घालीन. मूल वाचले. सासूबाई गेल्या. नवस राहिला. मुसलमान संतास ब्राह्मणाच्या घरून नवस कसा, असे ज्यांस वाटेल त्यांनी विदर्भातील कोणत्याही जुन्या घरात विचारून पाहावे. शिवाय त्याच गिरडात राममंदिरही आहे, आणि रामनवमीची यात्रा भरते.

आम्ही वर्धेहून निघालो. वर्धा हे पाहुण्यास जेवू घालण्याच्या बाबतीत मोठे विचित्र गाव आहे. आठ किलोमीटरवरच्या सेवाग्रामात गांधीजी १९३६ साली राहावयास आले. तेथील भोजनात मसाल्यास जागा नव्हती, आणि आश्रमाच्या एकादश व्रतांत ‘अस्वाद’ हे एक स्वतंत्र व्रतच होते. जिभेचे चोचले पुरविणारे गाव म्हणून वर्धेची ख्याती होणे त्यामुळे कठीणच होते. तथापि गोसेवेच्या चळवळीने, जिच्यासाठी जमनालाल बजाजांनी १९४१ साली गोसेवा संघ काढला, या गावाला गाईच्या दुधातुपाची चव लावली. गोरस भांडारातला गोरसपाक आज वर्धेची ओळख झाला आहे. तुपाचा हा खुसखुशीत पदार्थ प्रवासात टिकतो, मुलांना आवडतो. आम्ही दोन डबे घेतले. काकूंनी अर्थातच नुसता वास घेतला.

नागपूर–हैदराबाद महामार्गावरील जामच्या आसपास ढाब्यांची रांगच आहे. तेथे एका ठिकाणी आम्ही पोहे मागविले. विदर्भात पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री घालतात, आणि ती चांगली असली तर थंडीतल्या सकाळी तिच्यासारखे दुसरे सुख नाही. दुर्दैवाने आमच्या वाट्यास आलेल्या तर्रीचे तेल कालचे, कदाचित परवाचेही असावे. धाकट्या दोघांनी पुढे दहा किलोमीटरच्या आत मोटार दोनदा थांबविली. काकू काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी आपल्या पिशवीतले खोबरे काढून सावकाश चघळले, आणि ते बोलण्यापेक्षा अधिक लागले.

प्रत्यक्ष गिरडात चहा, भजी, चिवडा, पेढे यांची दुकाने आहेत आणि घटकाभराच्या भुकेस ती पुरतात. परंतु आमचे स्पष्ट मत असे आहे की गिरडास जेवण विकत घेण्यासाठी जाऊच नये. तेथे जेवण शिजवावे. टेकडीच्या पायथ्याशी आम्ही पोहोचलो तेव्हा झाडाझाडाखाली तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या, आणि कोणाची जात कोणती हे धुरात कळत नव्हते.

आमच्या घरच्या बायकांनी रोडगे मांडले. जे पश्चिमेकडचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो: गव्हाचे जरा जाडसर पीठ तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवितात, लहान पुऱ्या लाटून तेल लावून त्या एकीत एक गुंडाळून गोळा वळतात, आणि गोवऱ्यांच्या रसरशीत निखाऱ्यांत पुरून खरपूस भाजतात. विस्तव धगधगता असला तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. म्हणून गोवऱ्या पूर्ण पेटून राखाडी होईपर्यंत धीर धरावा लागतो. मग फडक्याने राख झटकून रोडगा कुस्करावयाचा, त्यावर तुपाची धार, सोबत वरण आणि वांग्याची रसभाजी. काकू स्वतः विस्तवापाशी बसल्या. त्यांच्या हातचा एकही रोडगा करपला नाही.

नंतर पंगत बसली. टेकडी उतरून येणारा एक फकीर, दोन गुराखी, नागपूरकडचे एक कुटुंब, शेजारच्या चुलीवरची एक म्हातारी शेतकरीण आणि तिची नातवंडे, अशी पंचवीसएक माणसे झाली. काकू वाढत होत्या. सर्वांचे होत आले तरी त्यांनी पान घेतले नाही, आणि आम्हांपैकी कोणाची विचारण्याची छाती झाली नाही. विचारले ते त्या शेतकरणीने.

“तुमचं पान कुठं हाय, माय?”

“माझे नंतर, घरी गेल्यावर,” काकू म्हणाल्या.

“जेवू घालनारीच उपाशी राह्यली, त नवस फिटला कसा म्हनाव?”

काकू बराच वेळ हातातल्या पळीकडे पाहत होत्या. सासूबाईंचे शब्द नेमके काय होते, हे त्यांनी आम्हांस दोनदा विचारले. आम्हांस ते ठाऊक असण्याचा संभव नव्हता. शेवटी त्या म्हातारीने थोडे सरकून आपल्या शेजारी जागा केली, आणि काकू खाली बसल्या. त्यांनी चित्राहुती घातली, एक रोडगा वरणाशी खाल्ला, आणि नंतर त्या शेतकरणीच्या टोपल्यातली अर्धी ज्वारीची भाकर व ठेचा, न मागता पुढे आला तो, मुकाट्याने संपविला. ठेच्याने त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. ते ठेच्याचेच होते, असे त्या अजूनही सांगतात.

जाणाऱ्यांनी पीठ, तूप, डाळ आणि वांगी घरून न्यावीत. पिण्याचे पाणीही भरपूर घ्यावे. गोवऱ्या माणशी चार धराव्यात, आम्ही तीन धरल्या आणि शेवटच्या घाण्यास शेजाऱ्यांकडे हात पसरावा लागला. सकाळी दहाच्या आत पोहोचल्यास झाडाची सावली मिळते. मुहर्रम आणि रामनवमीस गर्दी असते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांस नेऊ नये. काकूंनी मात्र पुढच्या रामनवमीचे आताच विचारून ठेवले आहे.