चोडण बेटाचा बांध आणि तिवर

बेळगाव जिल्ह्यातील सह्याद्रीच्या रांगांत उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्रास मिळते. मुखापासून थोडे आत, रायबंदरसमोर चोडण बेट आहे. फेरीबोटीतून पैलतीरी उतरावे, तो बेटाच्या पश्चिम टोकाशी कांदळवन लागते. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या नावाचे अभयारण्य येथे १९८८ साली झाले. त्याचा विस्तार अवघा १.७८ चौरस किलोमीटर.

ओहोटीच्या वेळी प्रथम दृष्टीस पडतो तो चिखल. त्यात हवा खेळत नाही. म्हणून तिवराची मुळे पेन्सिलींसारखी वर येऊन श्वास घेतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांबट कोंब होऊन खाली पडते. गळलेली पाने कुजतात, त्यांवर खेकडे व कोळंबी पोसतात, त्यांवर मासे, आणि माशांवर बगळे व खंड्या.

या खाऱ्या चिखलाशेजारीच गोवेकरांनी भात पिकविले. पोर्तुगीज १५१० साली आले, त्यापूर्वीपासून येथे खाजन शेती आहे. भरतीच्या पातळीखालील जमिनीभोवती मातीचा बांध घालावयाचा आणि त्यात लाकडी दारांची ‘मानस’ बसवावयाची. भरतीचे पाणी दारे लोटून बंद करते. ओहोटी लागली की आतले पाणी ती उघडून बाहेर पडते. मनुष्याचा हात लागत नाही. पावसाने जमिनीतील क्षार धुऊन निघाले की खारेपणा सोसणारे कोरगुट भात तेथे लावतात.

मात्र बांधाची निगा मनुष्यानेच राखावी लागते. बांध फुटून तसाच राहिला, तर खारे पाणी शेतात शिरते, भात करपते आणि काही वर्षांत तेथे तिवर माजतो. म्हणून सर्वच हिरवाई सारखी मानू नये. बांधाबाहेरचा तिवर लाटांचा मारा आपल्या अंगावर घेऊन शेताचे रक्षण करतो. बांधाआतला तिवर बहुधा शेत हरपल्याची खूण असते. बाहेरचे वन तोडले, तर बांध उघडा पडतो. बांध ढासळला, तर पीक जाते. चोडणच्या काठाने चालणाऱ्याने पक्षी अवश्य पाहावेत, पण पायांखालचा बांधही पाहावा.