काबोच्या टोकापलीकडे

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला, की गोमंतकाच्या पाण्यावर नौकाविहाराची एकच गर्दी उसळते. त्यात दोन प्रकार आहेत. संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावरून सुटून, गाण्या-वाजवण्यात तासभर रमून, मांडवीतूनच माघारी फिरणाऱ्या बोटी हा पहिला. दुसरा याहून अगदी निराळा. सिकेरी-नेरूलच्या बाजूने सकाळी निघालेल्या बोटी डॉल्फिन दाखवीत दाखवीत आग्वादचा उपसागर ओलांडतात, काबोच्या टोकाला वळसा घालतात आणि जुवारीचे विशाल मुख पार करून मुरगावच्या भूशिरापलीकडील ग्रांद बेटाकडे जातात. या दोन्हींना आपण सरसकट 'जलविहार' असे एकच नाव देऊन टाकले आहे. आमच्या मते साऱ्या घोटाळ्याचे मूळ या एका नावात आहे.

नदी आणि समुद्र यांच्यामधली रेषा नकाशावर ठळक दिसत नाही; बोटीत बसलेल्याला मात्र ती तत्काळ कळते. उत्तरेस आग्वाद व मध्ये काबो ही भूशिरे आहेत, तोवर थोडाफार आडोसा असतो. काबोचे टोक मागे पडले, की समोर मुरगावपर्यंत सुमारे पाच किलोमीटरचे उघडे पाणी पसरलेले असते आणि पश्चिमेस थेट अरबी समुद्र. तेथून येणाऱ्या लांब लाटा बोटीच्या कुशीवर आदळतात. मांडवीच्या मुखाशी तर वाळूचा पट्टाच आहे. ओहोटीचे बाहेर धावणारे पाणी आणि आत येणारी लाट यांची तेथे गाठ पडली, की लाट उभी राहते आणि फुटते. जुलै २०१७ मध्ये एक भले मोठे कॅसिनो जहाज याच मुखाजवळ, मिरामारच्या किनाऱ्यालगत वाळूत रुतून बसले होते, हे वाचकांस स्मरत असेल.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या महिन्यांत सकाळचा समुद्र आरशासारखा असतो. दुपारी जमीन तापते आणि वायव्येकडून खारा वारा सुटतो. सकाळी दक्षिणेकडे सुखाने गेलेल्या बोटीला परतताना हाच वारा आणि त्याने उठविलेल्या लाटा तोंडावर घ्याव्या लागतात. जाताना सर्वांनी हसत ओलांडलेले पाणी येताना तेच राहिलेले नसते. प्रवाशाला हे ठाऊक नसते, तांडेलाला असते.

आमच्या पूर्वजांनी हा भेद नीट ओळखला होता. नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण केल्यावाचून होडी पाण्यात लोटायची नाही, हा केवळ धर्माचार नव्हे. खवळलेल्या दर्यापासून दूर राहण्याचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. मुंबई-गोवा आगबोट चालू होती, त्या काळी तीही पावसाळ्याचे महिने बंद असे. खनिजाने भरलेली बार्जेससुद्धा पावसाळ्यात आग्वादची वाट सोडून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत आली आहेत. शेकडो टन लोखंडी खनिज वाहणारी बार्ज ज्या उपसागराचा मान राखते, तो उपसागर विहाराच्या बोटीने हसण्यावारी न्यावा, याला काय म्हणावे?

मान न राखल्याचे मोल या किनाऱ्याने मोजले आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळी समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे चाललेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. त्यानंतर आठवडाभरात, ऐन नाताळाच्या दिवशी, आपल्याच कळंगुटच्या किनाऱ्यापाशी पर्यटकांची बोट उलटून एक जण दगावला. तिन्ही घटनांची कारणे निरनिराळी आहेत. परंतु पाण्यात पडलेल्या माणसाच्या अंगावर तरंगते जाकीट आहे की नाही, या प्रश्नाशी त्या सर्व येऊन थांबतात.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. नदीसाठी नोंदलेल्या नौकेने काबोचे टोक ओलांडता कामा नये. जाकीट बाकाखाली बांधून ठेवण्याची वस्तू नव्हे. धक्का सोडण्यापूर्वी ते प्रत्येकाच्या अंगावर चढले पाहिजे, लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे असले पाहिजे. बोटीत किती माणसे घ्यायची तो आकडा मोठ्या अक्षरांत, वाचता येईल अशा जागी लिहिलेला असावा. परतीची वेळ गिऱ्हाइकाच्या हौसेने नव्हे, वाऱ्याच्या वेळेने ठरावी. आणि तांडेलाने 'आज जायचे नाही' असे म्हटले, तर त्याची त्या दिवसाची रोजी बुडू नये, अशी तजवीज मालकाने केली पाहिजे. ज्याच्या 'नाही' म्हणण्याची किंमत त्याच्याच मुलाबाळांना मोजावी लागते, त्याच्याकडून सावधपणाची अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करायची?

सारा दोष सरकारच्या आणि बोटमालकांच्या माथी मारून आपणही मोकळे होऊ शकत नाही. डॉल्फिनची पाठ दिसली, की सर्वांनी एकाच बाजूला धावायचे, हा आपला उत्साह बोट कलंडविण्यास पुरेसा होतो. जाकिटाने छायाचित्र बिघडते म्हणून ते काढून ठेवणारे आपणच असतो. पाहुण्यांना हौसेने समुद्र दाखवायला नेणाऱ्या प्रत्येक गोमंतकीयाने प्रथम स्वतः जाकीट चढवावे. पाहुणे आपोआप अनुकरण करतील.

हा उपसागर जरूर ओलांडावा. आग्वादची तटबंदी, काबोचा कडा आणि मुरगावचे बंदर समुद्रावरून एका नजरेत पाहणे हे डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे, आणि आपला मुलूख दर्यावर्दींचा का झाला, ते तेथूनच उमगते. मात्र दर्यावर्दी म्हणजे समुद्राला न भिणारा असे नव्हे. समुद्राला केव्हा भ्यावे हे ज्याला कळते, तोच खरा दर्यावर्दी.