नेम धरणारी हाडे

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. अंतिम फेरीतले त्याचे गुण पाहा. गुडघ्यावर बसून १५ गोळ्यांत १५३.३, पोटावर झोपून १५ गोळ्यांत १५६.८ आणि उभ्याने १४ गोळ्यांत १४१.३. सरासरी काढली, तर झोपून १०.४५, बसून १०.२२, उभ्याने १०.०९. नेमबाज तोच, अंतर तेच; आधार कमी होत गेला, तसे गुणही उतरले.

यामागे साधी भूमिती आहे. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. मीटरभर लांब रायफलीचे तोंड ०.१ मिलिमीटर जरी हलले, तरी गोळी ५ मिलिमीटर बाजूला जाते. श्वास, नाडीचा ठोका, दमलेल्या स्नायूची थरथर, एवढे हलायला कोणतेही पुरते. स्नायू थकतो, हाड थकत नाही. म्हणून झोपलेला नेमबाज कोपरे जमिनीवर टेकवतो आणि दंडाला अडकवलेल्या पट्ट्याच्या मदतीने रायफलीचे वजन हाडांवरून जमिनीत उतरवतो. उभ्याने पट्ट्याला परवानगी नसते. तिथे कोपर कमरेच्या हाडाशी टेकवून भागवावे लागते.

ऑलिंपिकमध्ये बायपॉड, म्हणजे रायफलीला जोडलेला दोन पायांचा टेकू, चालत नाही. बेंचरेस्ट नेमबाजीत मात्र रायफल टेकूवरच ठेवतात. पुढे टेकू, मागे दस्त्याखाली वाळूची पिशवी. ती किंचित दाबली, की नेम वर-खाली होतो. टेकू लाकडी भागाखाली हवा, नळीखाली नको. गोळी नळीतून जाताना नळी कंप पावते. तिला काही टेकले, तर कंप बदलतो आणि गोळी भलतीकडे लागते. बायपॉडचे पाय टणक फरशीवर असतील, तर ते उसळतात. खाली जाड चटई घातलेली बरी.

पॅरा नेमबाजीत ज्यांचे हात रायफलीचे वजन पेलू शकत नाहीत, त्यांना एसएच-२ गटात स्टँड मिळतो. तो स्प्रिंगवर बसवलेला असतो, म्हणजे वजन स्टँड घेतो, पण नेम स्थिर ठेवण्याचे कसब खेळाडूकडेच राहते.

आधार कोणताही असो, एक चाचणी करावी. रिकाम्या रायफलीने नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. नेम सरकला असेल, तर हाताने ओढून जागेवर आणू नका. अख्खे शरीर फिरवा. हाताने ओढलेला नेम स्नायूच्या जोरावर टिकतो आणि चाप दाबताच सुटतो. नव्या नेमबाजाने महागडा टेकू घेण्याआधी ही सवय अंगी बाणवावी.