पिंजऱ्यातली ससेहोलपट

मराठी भाषेने सशाला फारसे बरे दिवस दाखविलेले नाहीत. भित्रेपणाला उपमा द्यावयाची तर ससा, शर्यतीत हरवावयाचा तर ससा, आणि माणसाची चहूकडून दैना उडाली की तिचे नाव ‘ससेहोलपट’! शिकाऱ्यांनी झुडपातून उठविलेल्या मुक्या जिवाची सारी धावाधाव त्या एका शब्दात साठलेली आहे. रानातल्या सशाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरली, हे योग्यच झाले. परंतु घरोघरी पाळल्या जाणाऱ्या सशांची एक निराळीच ससेहोलपट आज चालू आहे. तिच्यात ससा धावत नाही. धावता येत नाही, हीच तिची व्यथा आहे.

बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या सीमाभागातील मराठी घरे आणि किनाऱ्यावरील आमच्या वाचकांची घरे यांत भाषेचा धागा आहे, तसा बालहट्टाचाही आहे. मुलाने हट्ट धरावा, बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी आणावी, तारेच्या पिंजऱ्यात ठेवून समोर गाजर टाकावे, आणि चार दिवसांत मुलाचे मन दुसरीकडे वळावे, हा क्रम दोन्हीकडे सारखाच. बीदरच्या चौभाषी मुलुखात मराठी त्याला ससा म्हणते, कन्नड ‘मोल’, उर्दू ‘खरगोश’ आणि तेलुगू ‘कुंदेलु’. ज्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नाहीच, त्याला नावे मात्र चार! चारही भाषांतली मुले त्याला खेळणे समजतात. त्यालाही खेळणे लागते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

येथे एका शब्दाने आपली फसगत केली आहे. आपल्या माळरानावरचा ससा आणि पिंजऱ्यातला ससा हे दोन वेगळे प्राणी होत. रानातला उघड्यावर, गवताच्या आडोशाला राहतो. बीळ खणीत नाही. पाळीव ससा मूळचा युरोपातला, जमिनीखाली बिळे खणून कळपाने राहणारा. तेव्हा खणणे, कुरतडणे, लपणे, उड्या मारणे आणि सोबत्याच्या अंगाला अंग लावून बसणे हा त्याचा पिढीजात उद्योग आहे. पिंजऱ्यात आपण त्याला अन्न देतो आणि उद्योग हिरावून घेतो. मग तो तार चावीत बसतो, कोपरा उकरीत राहतो किंवा मलूल होऊन पडतो. आणि आपण म्हणतो, ‘किती शांत प्राणी आहे!’

बीदर-गुलबर्ग्याच्या मुलुखाने निजामी राजवटीचे तुरुंग पाहिले आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. कोंडलेल्या जिवाला दोन वेळचे अन्न पुरत नाही, हे तेथे तरी कोणाला शिकवावे लागू नये.

सशाच्या करमणुकीला पैसा लागतो काय? मुळीच नाही. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजले नाहीत तर तोंडात फोड येतात, खाणे सुटते आणि प्राण जातो. म्हणून कुरतडण्याजोगी वस्तू ही त्याची चैन नसून गरज आहे. कलबुर्गी हे तर तुरीचे कोठार. ‘गुलबर्गा तूरडाळी’ला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तुरीच्या झोडपणीनंतर उरणाऱ्या तुराट्यांची टोपली सशापुढे पालथी घातली की तीच त्याची गुहा, तीच दातांची तालीम. वाळल्या कडब्याची पेंढी कुरतडायला आणि आत दडायला उत्तम. मात्र कोवळी हिरवी ज्वारी विषारी असते. गुरांना ती बाधते हे शेतकरी जाणतोच, सशालाही ती घालू नये. गळका माठ फेकून न देता त्याच्या कडा घासून आडवा ठेवावा. कलबुर्गीचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो आणि सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. बाहेरून ओलावलेला तो माठ त्या दिवसांत खेळणेही होतो आणि थंड खोलीही. जुन्या घमेल्यात माती भरून दिली, तर खणण्याची हौस भागून अंगणातली रोपेही वाचतात.

किनाऱ्यावर तुराट्या नसतील, पण जुनी रोवळी आहे, बांबूची टोपली आहे, पुठ्ठ्याचे खोके आहे. दोन भोके पाडलेले खोके सशाला राजवाड्याहून मोठे. गणपतीला आपण जी हरळी वाहतो, तिची जुडी जरा उंचावर अडकवावी, म्हणजे मान उंचावून, दोन पायांवर उभे राहून ती मिळविण्यात त्याची घटकाभर करमणूक होते. कष्टाने मिळालेला घास त्यालाही गोड लागतो! पथ्य एवढेच की, वस्तूला रंग, रोगण वा खिळा नसावा, सुतळी-प्लॅस्टिक पोटात जाऊ नये, विजेच्या तारा दूर ठेवाव्यात. आणि आपल्याकडील पावसाळ्यात बुरशी धरलेला पेंढा तात्काळ काढून टाकावा. गाजर हा रोजचा आहार नव्हे, अधूनमधूनचा खाऊ आहे. पोट भरावे ते गवतानेच.

या सर्वांहून मोठे खेळणे म्हणजे मोकळी जमीन आणि सोबती. सकाळ-संध्याकाळ ससा स्वभावतःच चपळ असतो. त्या वेळी त्याला राखणीखाली मोकळे सोडले, तर हवेत उडी घेऊन अंगाला हिसडा देणारा त्याचा नाच पाहावयास मिळेल. भित्रा म्हणून हिणविलेल्या प्राण्याचा तो आनंदोद्गारच होय. जोडी ठेवताना मात्र पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. मादी सुमारे महिनाभरात विते. हे विसरणाऱ्यांच्या अंगणात पाहता पाहता अनाथाश्रम उभा राहतो.

हालचालीस पुरेशी जागा न देता प्राण्याला कोंडणे हा १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली अपराध आहे, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८च्या नियमांनी नोंदणी सक्तीची केली आहे. पण घरातल्या ओसरीवर पोलीस येत नाही, तेथे शिक्षणच कामाचे. बीदर येथे २००४च्या कायद्याने स्थापन झालेले पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. ससा कसा ठेवावा आणि कसा रमवावा याचे एक पानी पत्रक कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत काढून त्याने शाळाशाळांतून वाटावे, अशी आमची सूचना आहे. सीमेवरील भाषांना एकत्र येण्यास यापेक्षा निरुपद्रवी निमित्त कोणते मिळणार?

प्रश्न केवळ सशाचा नाही. आपल्याहून दुबळा, तक्रार न करणारा जीव हाती आला असता त्याच्याशी कसे वागावे, याचा पहिला धडा मूल त्या पिंजऱ्यापाशी गिरविते. त्याने सशासाठी खोक्याला दोन भोके पाडली, तर आपल्या सुखापलीकडे पाहावयास ते शिकले असे समजावे. तेवढी तयारी घरात नसेल, तर ससा आणूच नये. मुलाला पतंग आणून द्यावा.